दोन डोळ्यांच्या मध्ये उठायचं नाही

आमच्याकडे पाचारण जानेवारीत होतं, हे मी पन्नाशीला येईपर्यंत बघून ठेवलं आहे. जूनमध्ये छपरावर प्लास्टिक टाकायचं असतं, सुकी मासळी डब्यांत भरायची असते, तेव्हा देव कुणाला हाक मारत नाही. नाताळ आटोपतो, हवा गार होते, मुंबईची माणसं गाड्या घेऊन समुद्रावर येतात, आणि मग देवालाही एकदम आमची आठवण होते. मला जे पाचारण झालं तेही जानेवारीतलंच, आणि दुपारच्या जेवणानंतरचं.

फादरनी वेदीवरून सांगितलं होतं की ख्रिस्ती कलाकारांसाठी एका दिवसाचं शिबिर आहे, आपल्या गावातून कुणीतरी जायला हवं. गावात कलाकार म्हणजे बँडमधला एक ट्रंपेटवाला आणि मी. ट्रंपेटवाल्याला त्या दिवशी लग्नाची सुपारी होती. राहिले मी. शिबिर समुद्राला लागून असलेल्या एका रिसॉर्टमध्ये होतं. खिडक्यांना जाड पडदे लावून समुद्र झाकला होता आणि समोर पडद्यावर समुद्राचा फोटो दाखवत होते. तेव्हाच मी घरी यायला हवं होतं, पण जेवण चांगलं आहे असं कळलं होतं.

मार्गदर्शक मुंबईहून आलेले. राखलेली दाढी, गळ्यात लाकडी क्रूस, मांडीवर गिटार. दिवसभरात ती गिटार एकदाच वाजली आणि तेवढ्यातच कळलं की ती शोभेची आहे. त्यांनी आम्हाला रंगीत चिठ्ठ्या वाटल्या, सुगंधी मेणबत्ती लावली आणि डोळे मिटायला सांगितलं. प्रभूला विचारा, म्हणाले, माझ्या हातून तुला काय घडवायचं आहे. आजूबाजूला उसासे सुरू झाले. मी डोळे मिटले आणि भरल्या पोटी मला छान डुलकी लागली.

मग प्रत्येकाने आपण काय करतो ते सांगायचं होतं. कुणी भक्तिगीतं रचणारी, कुणी बायबलमधल्या वचनांची सुंदर अक्षरं काढणारा. माझी पाळी आल्यावर मी सांगितलं की मी गणपतीचे डोळे आखते. खोलीत अशी शांतता पसरली की जणू मी चपला घालून वेदीवर चढले होते.

खरं म्हणजे त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. माझे वडील कोळ्यांच्या बोटींवर नावं आणि नंबर रंगवायचे. बोटवाल्याने सांगितलं तर नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकावर, एकवीराही रंगवायचे आणि रविवारी पहिल्या बाकावर बसून गायचेही. त्यांच्याकडून ब्रश माझ्या हातात आला. मी विशीत असताना बोर्ली पंचतनच्या एका गणपती कारखानदाराने माझा हात बघितला आणि मला आखणीला बसवलं. तेव्हापासून दर पावसाळ्यात मी आगरदांड्याहून खाडी ओलांडून दिघीला उतरायची, पुढे एसटीने बोर्ली, आणि चतुर्थी होईपर्यंत तिथेच मुक्काम. कारखानदारांना मी काका म्हणते. ते मला बाय म्हणतात. तीस वर्षांत आमच्यात याहून जास्त गोडवा कधी झाला नाही.

त्यांचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड. जूनमध्ये आसपासच्या गावांतली घरं आपापले लाकडी पाट आणून ठेवतात, पाटाखाली खडूने घराचं नाव लिहिलेलं. त्या त्या पाटावर त्या त्या घरचा गणपती घडतो. माती, वाळवण, रंग सगळं झालं की शेवटी डोळे. मूर्ती कितीही देखणी असो, डोळे चुकले की घरची माणसं पाट उचलताना गप्प होतात. म्हणून काकांचा एकच नियम होता. एका मूर्तीचे दोन डोळे एका बैठकीत. पहिला झाला की चहा आला म्हणून, फोन वाजला म्हणून, पाय दुखला म्हणून उठायचं नाही. उठलात की नजर फाटते. एक डोळा एकीकडे बघतो, दुसरा भलतीकडे. दिवसाला चाळीस जोड्या मी याच नियमाने केल्या आहेत, तापातसुद्धा. मन लागत नाही हे शब्द त्या शेडमध्ये मी कधी ऐकले नाहीत.

हे सगळं मार्गदर्शकांना कोण सांगणार? त्यांनी मला पडद्याआड बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "ज्याने तुम्हाला ही देणगी दिली, त्याच्यासाठी तुम्ही आजवर एक रेघ तरी ओढलीत का?"

खोटं कशाला बोलू, तो प्रश्न मला लागला. ओढली नव्हती. रडायला आलं आणि मी रडले. त्या माणसाला मी पुढे पुष्कळ नावं ठेवली, इथेही ठेवते आहे, पण प्रश्न त्याचा खरा होता. खोटं होतं ते पुढचं सगळं, आणि ते माझं होतं. मी शेफारले. देवाचं आपल्यावाचून काहीतरी अडलं आहे, हे एकदा डोक्यात शिरलं की माणसाला आरसासुद्धा वेगळा दिसतो.

त्या उपासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, मी फादरना शब्द दिला. आमच्या चर्चच्या भिंतींवर क्रूसाच्या वाटेची चौदा स्थानकं आहेत. येशूला शिक्षा होते तिथपासून त्याला कबरेत ठेवतात तिथपर्यंत. उपासकाळातल्या शुक्रवारी लोक एकेका स्थानकासमोर जातात, गुडघे टेकतात, प्रार्थना म्हणून पुढे सरकतात. जुनी चित्रं ओलीने खाल्ली होती आणि त्या जागी नुसते लहान लाकडी क्रूस राहिले होते. पुढच्या उपासकाळापर्यंत चौदाही चित्रं मी रंगवून देईन, म्हटलं. फादरनी लगेच रविवारी जाहीर केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी मान खाली घालून टाळ्या नीट ऐकून घेतल्या.

मे महिन्यात बोर्लीला जाऊन काकांना सांगितलं की यंदा येणार नाही. का, तेही सांगितलं. ते माती चाळत होते. चाळण न थांबवता म्हणाले, "तुज्या देवानं सांगितलं आसल तर मी कोन मदी बोलनार? पन बाय, हात चालू ठेव."

अडाणी माणसाचा सल्ला, मी मनात म्हटलं. देव मला क्षमा करो.

आता माझी साधना ऐका. पुढची खोली रिकामी केली. मेणबत्ती आणली, तीही सुगंधी. शिबिरवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यावर रोज सकाळी एक सूर्योदय आणि एक वचन यायचं. थांबा, ऐका, वाहू द्या, असं मार्गदर्शक लिहायचे. मी थांबायची. प्रेरणा आल्याशिवाय ब्रशला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, आणि प्रेरणा काही एसटी नव्हे की उशिरा का होईना येईलच. एखाद्या दिवशी उकडायचं. एखाद्या दिवशी शेजारी मिक्सर लावायचे. एखाद्या दिवशी मीच ठरवायची की आज मन शुद्ध नाही. कारखान्यात इतक्या वर्षांत माझं मन शुद्ध आहे का हे कुणी विचारलं नव्हतं, ब्रश शुद्ध आहे का एवढंच बघायचे. पण तिथे मी मजूर होते. इथे मी कलाकार झाले होते, आणि कलाकाराला आळसाला दुसरं नाव देण्याची सोय असते.

चित्रापेक्षा चित्राबद्दल बोलणं जास्त झालं. ब्रशचा फोटो ग्रुपवर, कोऱ्या प्लायवूडचा फोटो ग्रुपवर. खाली हात जोडलेली चिन्हं पन्नास. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि त्यावर मी वर्षभर जेवले. राखेचा बुधवार आला, उपासकाळ सुरू झाला, तेव्हा चौदापैकी तीन चित्रं झाली होती.

ती तीन टांगली. शिक्षा होते ते, क्रूस खांद्यावर घेतो ते, आणि पहिल्यांदा पडतो ते. पहिल्या शुक्रवारी लोक तिसऱ्यासमोर गुडघ्यांवर बसले. चर्चची चावी ज्या म्हातारीकडे असते, तिला सगळे मावशी म्हणतात, ती पुढे होती. तिने वर बघितलं, पदर तोंडाला लावला, आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. मग ती माझ्याकडे वळली.

"पोरी, हा पडलाय, आन बगतोय आसा, जनू आत्ताच जेवून उठलाय."

सगळ्यांनी वर बघितलं. मीही बघितलं. मागून कुणीतरी अगदी हळू आवाजात मोरया म्हणालं, आणि मग चर्चमध्ये जे व्हायचं ते झालं. फादरसुद्धा पुस्तकात तोंड घालून खोकत राहिले.

लांबट डोळे, वरची पापणी अर्धी उतरलेली, काजळाची रेघ कडेला किंचित वर, बुबुळात पांढरा ठिपका. समोर उभं राहील त्याच्याकडे सुखाने बघणारी नजर. हजारो वेळा आखलेली. माझ्या हाताला ती एकच नजर येत होती, आणि वर्षभर मेणबत्ती लावून मी तीच क्रूसाखाली दबलेल्या माझ्या प्रभूला दिली होती. तो धुळीत पडून लोकांना आशीर्वाद देत होता. तिन्ही चित्रांत देत होता. मी लाजेने अर्धी झाले.

फादरनी प्रेमाने सांगितलं की काही हरकत नाही, पुढच्या उपासकाळापर्यंत झाली तर ठीक, नाहीतर एका दुकानात फायबरची तयार स्थानकं मिळतात, फार छान असतात. म्हणजे माझ्यापाशी एक वर्ष होतं आणि चौदा चित्रं, कारण ती तीनही पुन्हा करावी लागणार होती. नाही झाली तर लोक हसतील, हे मी सोसलं असतं. पण मला कुणी बोलावलंच नव्हतं, त्या जानेवारीत मी नुसतीच जास्त जेवले होते, हे कबूल करावं लागलं असतं. ते मला सोसणार नव्हतं.

मार्गदर्शकांना कळवलं. त्यांचा व्हॉइस मेसेज आला, मागे पाण्याचा आवाज. हा तुमचा वाट बघण्याचा ऋतू आहे, म्हणाले, बळजबरी करू नका. आमच्या किनाऱ्यावर असा ऋतू नसतो. दोन महिने मासेमारी बंद असते तेव्हा माणसं जाळी सांधत बसतात. मी ग्रुप सोडला आणि डोळे बदलायला बसले. वर आभाळाकडे बघणारे केले, तर घशात मासळीचा काटा अडकल्यासारखे दिसले. मिटलेले केले, तर झोपल्यासारखे. अश्रू घातले, तर नाटकातले. जून संपेपर्यंत एक प्लायवूड खरवडून खरवडून पातळ झालं.

जुलैत मी दिघीची फेरी पकडली. काकांना एवढंच विचारायचं होतं की हाताला लागलेली नजर हातातून काढायची कशी.

शेडमध्ये पाटांवर रांगेने गणपती बसले होते, सगळे डोळ्यांविना. गेल्या वर्षी डोळे कुणी केले, मी विचारलं. मीच, काका म्हणाले. हात कापतो आता, चार घरचे लोक म्हणाले आमचा देव तिरळा बघतोय. हे त्यांनी हसत सांगितलं, मला टोमणा म्हणून नाही, आणि म्हणूनच ते मला जास्त झोंबलं. मी माझी कर्मकथा सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि विचारलं, "तुजा देव पडतो तवा बगतो कुठं?"

वर, मी म्हटलं. आपल्या बापाकडे.

"पाटीवर लाकूड हाय ना त्याच्या?"

"हाय."

"मग वर कसा बगल?"

दीड वर्षात, इतक्या प्रार्थनांत, मी हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. प्रभू माझ्यातून काय घडवणार हे विचारलं होतं. तो कुठे बघत होता हे नाही. काका पुढ्यातल्या मूर्तीकडे वळले. त्यांनी एक डोळा आखला. रेघ थरथरली. दुसऱ्याला हात घालणार तोच ब्रश बोटांतून निसटून खाली गेला. उकिडवे बसूनच ते तो घ्यायला वाकले आणि तोल जाऊन कुशीवर पडले. लागलं काही नाही. मी उठले, तर त्यांनी हातानेच थांबवलं. मग ते तसेच पडून जमिनीवर बघत राहिले. माझ्याकडे नाही, मूर्तीकडे नाही. इकडे मातीचा गोळा, तिकडे रंगाचा डबा, मध्ये तळवा मावेल एवढी कोरडी जागा कुठे आहे ते त्यांचे डोळे शोधत होते. सापडली. तळवा टेकला, गुडघा आत घेतला, आणि वेळ लावून ते उठून बसले.

धाप ओसरल्यावर म्हणाले, "पडलेला मानूस लोकांकडं न्हाय बगत, बाय. हात कुठं टेकायचा ते बगतो."

त्यांच्या शेडमध्ये एका मूर्तीच्या दोन डोळ्यांच्या मध्ये उठणं माझ्यासमोर त्या दिवशी पहिल्यांदा झालं. मी त्यांनी काढलेला डोळा पुसला आणि दोन्ही एका बैठकीत केले. मग शेजारच्या पाटावरचे. चतुर्थीपर्यंत मी तिथेच राहिले. काम संपलं की रिकाम्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर जमिनीत जागा शोधणारे डोळे काढायची. पहिले कितीतरी गणपतीचेच झाले. मग हळूहळू हाताला दोन नजरा येऊ लागल्या.

घरी आल्यावर मेणबत्ती फेकून दिली. रोज न्याहारी झाली की बसायची. प्रार्थना दोनच शब्दांची, "येशू, बसते." उकडत असे, मिक्सर चालू असे, मन बहुतेक दिवशी अशुद्धच असे. डोळे एका बैठकीत. देव त्या वेळी खोलीत असायचा का, ते मला सांगता येत नाही. डोळे आखताना मला काकाही दिसत नसत, पण शेडमध्ये ते असत.

आणि गणपतीचं काय, असं मला धार्मिक लोक विचारतात. मी फादरना विचारलं होतं. ते छपराची गळती बघत होते. म्हणाले, तुझ्या बापाने जन्मभर एकवीरा रंगवली आणि मरताना क्रूस हातात धरला, मला त्यात कुठे खोट दिसली नाही, तू जरा ती शिडी धर. मी शिडी धरली. माझ्या शेजाऱ्यांच्या घरी दीड दिवसाचा पाहुणा येतो, त्याची नजर सरळ असावी एवढं मी बघते.

जानेवारी आला आणि शिबिरवाल्यांना माझी पुन्हा आठवण झाली. मी साक्ष द्यावी, म्हणजे देवाने मला कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांगावं, असं मार्गदर्शकांचं म्हणणं पडलं. गेले, जेवण अजून चांगलं होतं. त्यांनी माझी ओळख करून दिली ती अशी की या भगिनीने अंधारातलं काम सोडून पाचारण स्वीकारलं. मी माइक घेतला आणि सांगितलं की गेल्या पावसाळ्यात मी गणपतीचे डोळे आखले, येत्या पावसाळ्यातही आखणार आहे, आणि मला जे काही कळलं ते त्याच शेडमध्ये कळलं. रोज बसा, म्हटलं. दोन डोळ्यांच्या मध्ये उठू नका. समोरच्यांनी ते रंगीत चिठ्ठ्यांवर लिहून घेतलं आणि लगेच चहाला उठले.

राखेच्या बुधवारी चौदावं चित्र टांगलं. पहिल्या शुक्रवारी मी मुद्दाम मावशीच्या बाजूला उभी राहिले. वर्षभर मी तिच्यासाठी उत्तरं तयार करून ठेवली होती, एकाहून एक धारदार, ती कधी हसते याचीच वाट बघत होते. पहिलं स्थानक झालं, दुसरं झालं. तिसऱ्यासमोर सगळे गुडघ्यांवर बसलो, प्रार्थना झाली, लोक उठले आणि पुढे गेले. मावशी उठली नाही. वर्षभरात तिचे गुडघे गेले होते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एक हात हवेत धरून ती खाली फरशीवर बघत होती. एका बाजूला बाक, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी पिशवी, आणि तिचे डोळे तळव्यापुरती जागा शोधत होते.

मग तिने तशीच मान वर केली आणि चित्राकडे बघितलं.

"ह्याला बी गावत न्हाय गं," ती म्हणाली, "हात टेकायला जागा."

उत्तरं राहिली बाजूला. मी तिच्याशेजारी पुन्हा खाली बसले आणि खांदा पुढे केला. ती त्यावर भार देऊन उठली. लोक चौथ्या स्थानकाशी आमच्यासाठी थांबले होते. पुढे अजून अकरा होती, आणि प्रत्येकाशी तिला गुडघे टेकायचे होते.